कंबरदुखी

कंबरदुखी म्हणजे बरगड्यांच्या खालच्या कडेपासून नितंबांपर्यंतच्या पाठीच्या भागात होणारी वेदना होय. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती; अपंगत्वाचे हे जगातील सर्वांत मोठे कारण मानले जाते. सहा आठवड्यांच्या आत ओसरणाऱ्या दुखण्यास तीव्र, तर बारा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यास जुनाट कंबरदुखी म्हणतात.

रचना व कारणे

कंबरेच्या भागात पाच मणके असतात. लगतच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंचे वलय आणि आत जेलीसारखा मऊ गर असतो. मणक्यांमागील पोकळीतून चेतातंतू खाली जातात व मणक्यांच्या बाजूंनी बाहेर पडून पायांकडे पोहोचतात.

दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत वेदनेचे नेमके एकच शारीरिक कारण दाखवता येत नाही. अशा दुखण्यास अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. वाकताना अथवा ओझे उचलताना एकाएकी कळ येऊन कंबर आखडते, त्यास मराठीत 'उसण भरणे' असा जुना शब्द आहे. पायाळू व्यक्तीने पाठीला पाय लावल्यास उसण उतरते, अशी समजूत महाराष्ट्रात आढळते. उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच ओसरते, म्हणून असे उपाय गुणकारी भासतात. अनेक महागड्या उपचारांनाही हेच लागू पडते. भाताच्या लावणीसारखे दीर्घकाळ वाकून करायचे काम, उसाच्या मोळ्या वाहण्यासारखे ओझ्याचे काम, धूम्रपान, स्थूलता, नैराश्य व कामावरील ताण यांचा कंबरदुखीशी संबंध दिसून येतो.

चकतीतील गर वलयाबाहेर येऊन चेतामुळावर दाब पडल्यास कळ नितंबातून मांडीमागे व पोटरीखाली उतरते. यास सायटिका, तर आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. चकती व सायटिका यांचा हा संबंध अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ साली स्पष्टपणे मांडला.

'मणक्यात गॅप' आणि एमआरआय

'गादी सरकली' किंवा 'मणक्यात गॅप आली' हे शब्दप्रयोग रूढ असले तरी दिशाभूल करणारे आहेत. चकती मणक्यांना घट्ट जोडलेली असते. ती जागेवरून निसटत नाही. वयानुसार तिच्यातील पाणी कमी होते व ती झिजते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या चित्रणांचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के व्यक्तींमध्ये चकतीची झीज आढळली. त्यामुळे अहवालातील झीज हेच वेदनेचे कारण, असा निष्कर्ष काढता येत नाही. असा अहवाल हाती आल्यावर रुग्ण भीतीने हालचाल टाळू लागतो, स्नायू दुर्बल होतात आणि दुखणे लांबते. धोक्याची लक्षणे नसताना सुरुवातीलाच एमआरआय करू नये, असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

धोक्याची लक्षणे

लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा जाणे, जननेंद्रिये व गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही लक्षणे चेतातंतूंच्या जुडग्यावरील दाबाची असू शकतात. अशा वेळी रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. कर्करोगाचा पूर्वेतिहास, मोठा अपघात, दीर्घकाळ स्टेरॉइडचे सेवन यांतही लवकर तपासणी आवश्यक असते.

भारतात मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना ही त्याची चिन्हे होत. मात्र काही रुग्णांत केवळ पाठदुखीच असते. हा रोग औषधांनी बरा होतो व सरकारी आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य मिळतात. निदान न झाल्यास मणका खचून कुबड किंवा अर्धांगवायू संभवतो.

उपचार

पूर्वी आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच परिणामकारक ठरली आणि कमी विश्रांती घेणारे कामावर लवकर परतले. आता झेपेल तितकी नेहमीची हालचाल चालू ठेवणे हाच मुख्य उपचार मानला जातो. शेकाने तात्पुरता आराम पडतो. दाहशामक वेदनानाशके अल्पकाळ उपयोगी पडतात, परंतु जठर व मूत्रपिंडांना त्यांचा अपाय होऊ शकतो. तीव्र कंबरदुखीत पॅरासिटामॉल हे निष्क्रिय गोळीहून सरस नसल्याचे २०१४ साली दिसून आले. जमिनीवर किंवा फळीवर झोपण्याच्या प्रचलित सल्ल्यासही फारसा आधार नाही. २००३ सालच्या स्पेनमधील चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने अधिक लाभ झाला.

जुनाट दुखण्यात नियमित व्यायाम महत्त्वाचा असतो. चालणे, योगासने किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाने शिकवलेले व्यायाम यांपैकी रुग्ण जे सातत्याने करील ते निवडावेत. कमरेच्या पट्ट्याने कंबरदुखी टळते, याला ठोस पुरावा नाही.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. सायटिकात बाहेर आलेला गर अनेकदा काही महिन्यांत शरीरातच शोषला जातो. नेदरलँड्समधील २००७ सालच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची पायाची वेदना लवकर थांबली. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती.