गोधडीचे टाके आणि त्यांचे मोल

महाराष्ट्राच्या हस्तकलांचा विषय निघाला म्हणजे पैठणी, वारली चित्रे, सावंतवाडीची लाकडी खेळणी, कोल्हापुरी चपला ही नावे ओघाने येतात. त्या यादीत गोधडी सहसा नसते. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. गोधडी कालपरवापर्यंत घरोघरी होती, आणि जी वस्तू घरोघरी असते तिला कलेच्या पंक्तीत बसविण्याची आपल्या समाजाला सवय नाही. त्यातून ती जुनेरांची, चिंध्यांची. म्हणजे दारिद्र्याची खूण. आणि ती शिवणारी घरातलीच बाई. तिच्या दुपारच्या कामाला कला म्हणावयाचे तर तिला कलावंत म्हणावे लागेल, आणि कलावंत म्हटले की तिच्या नावाचा व मोबदल्याचा प्रश्न उभा राहील. तो टाळलेला बरा, अशीच आपली आजवरची वृत्ती राहिली आहे.

आता मात्र हा प्रश्न टाळण्याजोगा उरलेला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील जावळी, पाटण, भोर, मुळशी, अकोले अशा तालुक्यांतून हाताने गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. परंतु त्यांच्याजवळ बसून शिकणाऱ्या मुली क्वचितच आढळतात. इकडे शहरांतील प्रदर्शनांतून ‘हातशिलाईची गोधडी’ मात्र चांगल्या किमतीला विकली जाऊ लागली आहे. कला संपत असताना तिचा बाजार वाढावा, हा योग आपण नीट समजून घेतला पाहिजे.

डोंगराचे वेळापत्रक

गोधडी शिवणारी बाई गोधडी ‘केव्हा’ शिवते, हे पाहिल्याखेरीज तिच्या कलेचा विचार करता येत नाही. घाटमाथ्यावर पाऊस अपरंपार. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. ज्येष्ठात पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलातील आवणी, मग बेणणी, कार्तिक-मार्गशीर्षात कापणी-मळणी, असे भात-नाचणीचे चक्र बाईच्या कमरेवरच फिरत असते. पावसाळ्यात घरात उजेड नसतो, कपडा दमट असतो, आणि सुई गंजते. पिके घरात आली की पावसाळ्यासाठी सरपण साठविण्याची घाई सुरू होते. चैत्र लागला की झरे आटतात आणि राज्यात सर्वांत अधिक पाऊस झेलणाऱ्या मुलखातील बाई हंडा घेऊन उतार उतरू लागते. त्याच सुमारास रोपांसाठी राब भाजावयाचा असतो. या साऱ्यांतून पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या काही दुपारी तेवढ्या तिच्या वाट्याला उरतात. तिचा कलाव्यवसाय म्हणावयाचा तो एवढाच.

जावळी-पाटणकडील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत आणि माथाडी कामात राहिले. मागे राहिलेल्या घराची शेती, गुरे आणि म्हातारी माणसे बाईवर पडली. मुंबईहून सणासुदीला येणारे लुगडे, धोतर, पोरांचे सदरे हीच पुढे दहा-पंधरा वर्षांनी गोधडीत जात. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्या घरांचा पगार तुटला, त्या घरांत नवे कापड येणे थांबले. आणि जुने कापड झिजल्याशिवाय गोधडीही होत नाही. घरातील कमाईचा व कमतरतेचा हिशेब गोधडीच्या थरांत असा आपोआप लिहिला जातो.

सणवारांशीही तिचे नाते आहे. नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण ओढ्यावर नेऊन धुण्याच्या प्रथेला आपल्याकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. भिजलेली गोधडी दोघी-तिघींना मिळून पिळावी लागते. ती खडकावर वाळत घातली की उसवलेला टाका, विटलेला रंग, फाटलेली कड हे सर्व गावासमोर येते. शिवणारीची परीक्षा त्या दिवशी होते, आणि परीक्षक असतात तिच्यासारख्याच शिवणाऱ्या बायका.

कलेचा प्रश्न

गोधडीत कला ती कोणती, असे कोणी विचारील. चार जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा घातला की झाली गोधडी! वस्तुतः हे काम वाटते तितके सोपे नाही. चित्रकाराला रंग निवडता येतो. गोधडी शिवणारीला जे झिजले तेच घ्यावे लागते. हिरव्या काठाचे लुगडे अजून नेसण्याजोगे असेल, तर यंदाच्या गोधडीत हिरवा रंग नाही. या मर्यादेतून तिला मांडणी करावयाची असते. जुन्या लुगड्याचा मधला भाग विरलेला असतो, काठ मजबूत असतो, पदर त्याहून धड असतो. म्हणून जेथे ओढ बसते तेथे काठ, पाठीखाली मऊ भाग, मध्यभागी पदर, असा विचार ती करते. कच्च्या रंगाचा तुकडा पांढऱ्या धोतराशेजारी ठेवला तर पहिल्याच धुण्यात डाग पडतो. दोन जातींचे कापड निरनिराळे आटते, आणि मग गोधडीला झोळ येतो. उपयुक्तता आणि सौंदर्य येथे वेगळी काढताच येत नाहीत.

शिवण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. सारवलेल्या अंगणात थर ताणून अंथरावयाचे, कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावयाचे, आणि मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन, असे टाके घालीत मध्याकडे सरकावयाचे. बाई गोधडीवरच बसलेली असते. त्यामुळे काम चालू असताना सबंध गोधडी तिला कधीच दिसत नाही. दिसतो तो गुडघ्यापुढचा हातभर भाग. कागदावर काढलेला आराखडा नसतो. तरीही चारी बाजूंच्या ओळी मध्यावर येऊन मिळतात, रंगांचा तोल राहतो. ही सारी आकृती तिच्या मनात असल्याखेरीज हे शक्य नाही. टाका हा केवळ अलंकारही नाही. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि टाक्यांमुळे थर सरकत नाहीत. टाका फार दाट घातला तर गोधडी ताठ होते, विरळ घातला तर ती लोंबते. हे प्रमाण हातालाच कळते.

या कलेचे कुळही लहान नाही. मगधातील बांध घातलेली भातखाचरे पाहून बुद्धाने आनंदाला भिक्षूंचे चीवर तशाच तुकड्यांचे करण्यास सुचविले, असे विनयपिटकात सांगितले आहे. जुन्या वस्त्राचे तुकडे जोडून नवे वस्त्र करण्यात कमीपणा नाही, ही भावना या देशात किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते. सह्याद्रीच्या उतारावरील खाचरे आणि गोधडीवरील ओळी पाहताना या कथेची आठवण होणे स्वाभाविक आहे.

याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगांत, कर्नाटकातील यल्लापूर-हल्याळच्या अरण्यात, सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंद’ शिवतात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे निसटून रानात गेले, त्यांचे हे वंशज. कवंदही कडेकडून मध्याकडे शिवली जाते. तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावतात. ती नसतील तर कवंद उघडी राहिली, असे त्या मानतात. उपयोगाच्या दृष्टीने त्या फुलांची काहीच गरज नाही. पोटाला चिमटा घेणाऱ्या बाईलाही सौंदर्याची निकड वाटते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

कापड बदलले

आज या कलेपुढील सर्वांत मोठी अडचण कापडाची आहे. सुती नऊवारी लुगडे नेसणाऱ्या स्त्रिया उतारवयाला लागल्या, आणि त्यांच्या सुना-नाती कृत्रिम धाग्याच्या पाचवारी साड्या किंवा पंजाबी पोशाख वापरतात. ही साडी लवकर झिजत नाही, म्हणून गोधडीला येत नाही. आणि आली तरी थर एकमेकांवरून घसरतात, टाका धरून राहत नाही, घाम टिपला जात नाही. जुने लुगडे वापरून वापरून मऊ होई. या साडीला तसा मऊपणा येत नाही. कित्येकजणी आता अशी साडी वरच्या बाजूला शोभेसाठी आणि आत मिळेल ते सुती, अशी तडजोड करतात. कलावंताची सामग्रीच बदलली तर त्याने नवे तंत्र शोधावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या बाईला वर्षातून काही दुपारीच मिळतात, तिला प्रयोग करून फसण्याची चैन परवडत नाही.

दुसरी अडचण बाजारातील ब्लँकेटची. पानिपतच्या कारखान्यांतून निघणारे स्वस्त ब्लँकेट आठवड्याच्या बाजारात सहज मिळते. गंमत अशी की, त्यांतील पुष्कळशी परदेशांतून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून काढलेल्या सुताची असतात. म्हणजे चिंधीला चिंधीनेच हटविले! फरक एवढाच की, त्या चिंध्या कोणाच्या हे पांघरणाऱ्यास ठाऊक नसते. आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या घरी ते ठाऊक असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. गोधडी ही गरजेपोटी जन्मली. ती गरज संपत असेल तर आपण शोक का करावा? डोंगरातील बाईला स्वस्त ब्लँकेट मिळाले, तिचे डोळे आणि पाठ वाचली, तर ते चांगलेच झाले. शहरात बसून तिने हातानेच शिवीत राहावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे सर्व मान्य. परंतु प्रश्न तिच्यावर सक्ती करण्याचा नसून, जी शिवू इच्छिते तिच्या श्रमाला आणि बुद्धीला आपण काय देतो, हा आहे.

मोजदाद आणि नाव

थोडे गणित करून पाहावे. गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद धरली, टाक्यांच्या ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर धरले, तर एकूण ओळींची लांबी सुमारे ५७६ फूट भरते. इंचाला तीन टाके म्हटले तर वीस हजारांहून अधिक टाके झाले. जाड थरांतून मिनिटाला दहा टाके घातले, तरी निव्वळ टाके घालण्यास सुमारे पस्तीस तास लागतात. रोज दोन तास मिळाले तर सतरा-अठरा दिवस. यात कापड धुणे, उसवणे, कापणे, मांडणी हे धरलेलेच नाही. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा किती माती खणली म्हणजे किती मजुरी, याचे माप ठरले. टाक्याचे माप मात्र कोणी ठरविले नाही. त्यामुळे व्यापारी सांगेल ती किंमत, हाच नियम राहिला.

नावाची गोष्टही तशीच. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७१ साली अमेरिकन गोधड्या भिंतीवर चित्रांप्रमाणे टांगल्या गेल्या, तेव्हा रसिकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. पण त्यांतील अनेक गोधड्या शिवणाऱ्या स्त्रिया अनामिकच होत्या. २००२ साली अलाबामातील जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथे मांडल्या गेल्या, त्या त्यांच्या नावांनिशी. २००६ साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. मात्र नाव झाले तरी मोबदल्याचा वाद सुटला नाही. २००७ मध्ये त्यांपैकी काहींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. मान आणि दाम या दोन गोष्टी वेगळ्या असून त्या वेगवेगळ्या मिळवाव्या लागतात, हा त्यातील धडा आहे.

आपल्या देशात बंगालच्या नक्षी कांथेला २००८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामागे संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी केलेले कितीतरी दशकांचे काम होते. महाराष्ट्रात गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळासारख्या डोंगराळ भागांतून आणि इतरत्रही हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या स्त्रीचे व गावाचे नाव त्यांसोबत नोंदविले. गोधडीवर गीता खंडेलवाल यांचे इंग्रजीत सचित्र पुस्तक आहे. परंतु ओवीसाठी जेवढे झाले, तेवढे गोधडीसाठी व्हावयाचे आहे. ओवी टिपून ठेवता येते. गोधडी वापरून संपते. म्हणून ही नोंद करण्यास अवधी थोडा आहे.

काय करता येईल? जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयांनी तलवारी आणि नाणी यांच्या शेजारी पाच-दहा गोधड्या ठेवाव्यात, आणि त्यांवर शिवणारीचे नाव, गाव व वर्ष लिहावे. बचत गटांनी व विक्री केंद्रांनी किंमत नगावर न ठरविता कामाच्या तासांवर ठरवावी. यंत्रमागाच्या गावांतील सुती कापडाचे उरलेले तुकडे डोंगरातील शिवणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे अवघड नाही. शहरी ग्राहकाने ठरावीक नमुन्याचा आणि ठरावीक रंगाचा आग्रह धरू नये; तो धरला की बाई कलावंत राहत नाही, कारागीरही राहत नाही, ती केवळ मजूर होते. शिक्षकांना आणखी एक गोष्ट सहज करता येईल. आपल्या वर्गातील मुलांना घरातील गोधडी कोणी शिवली, तीत कोणाकोणाची वस्त्रे आहेत, ती कोणत्या साली शिवली, एवढे विचारून लिहून आणावयास सांगावे. आजीच्या सुईत दोरा ओवून देणारी ही मुलेच या कलेची पहिली साक्षीदार आहेत.

यासाठी मोठा खर्च लागत नाही, नवा विभागही लागत नाही. डोंगरातील बाईने वीस हजार टाके घालताना जे जाणले, ते जाणतेपण आहे, एवढे मान्य करण्याची तयारी लागते. ती दाखविण्यास आपण उशीर केला तर गोधडी बाजारात राहील, पण ती मनात आखून शिवणारी राहणार नाही.