Explained : हेबियस कॉर्पस याचिका फेटाळली तर पुढे काय? अपील कुठे आणि किती दिवसांत? जाणून घ्या

न्हावा शेवा : उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात तस्करीचा मोठा साठा पकडला गेला, की बातमी बहुतेकदा अटकेपाशी थांबते. ऑगस्ट २०२० मध्ये याच बंदरात १९१ किलो हेरॉईन जप्त झाले होते. अशा प्रकरणांत सरकारकडे आणखी एक अधिकार असतो, तो म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करण्याचा. तस्करीसाठी १९७४ चा कोफेपोसा, तर अमली पदार्थांसाठी १९८८ चा पीआयटी-एनडीपीएस कायदा आहे. या आदेशाला आव्हान देण्याचा मुख्य मार्ग म्हणजे हेबियस कॉर्पस, अर्थात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका.

अटक आणि स्थानबद्धतेत फरक काय?

अटक झाल्यास २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. त्यांनी कायदेशीर कोठडी दिली, की सहसा जामीन हाच मार्ग उरतो. स्थानबद्धतेचे वेळापत्रक वेगळे आहे. कोफेपोसानुसार कारणे ५ दिवसांत, अपवादात्मक स्थितीत १५ दिवसांत कळवावी लागतात. ५ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे पाठवायचे असते आणि मंडळाने स्थानबद्धतेपासून ११ आठवड्यांत अहवाल द्यायचा असतो. एकही मुदत चुकली, तर तोच याचिकेतील भक्कम मुद्दा ठरू शकतो.

याचिका कुठे करायची?

अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद ३२ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात. नातेवाईकही याचिका करू शकतात आणि त्यासाठी ठरावीक मुदत नाही. कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असले, तरी रायगड जिल्हा त्यात नाही. येथील प्रकरणे मुंबईतच जातात.

फेटाळल्यास मुदत किती?

- सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (एसएलपी) : निकालापासून ९० दिवस.
- उच्च न्यायालयाने अपिलासाठी प्रमाणपत्र दिल्यास : प्रमाणपत्रापासून ६० दिवस.
- प्रमाणपत्र नाकारल्यास एसएलपी : नकारापासून ६० दिवस. हे प्रमाणपत्र निकाल लागताच तोंडीही मागता येते.

निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळला जातो. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते.

सरकारही अपील करू शकते का?

हो, मुदतही तीच. २०१९ च्या सोने तस्करी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २५ जूनला कोफेपोसाचे आदेश रद्द केले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ जुलैला, म्हणजे अवघ्या २३ दिवसांत, तो निकाल फिरला. आणीबाणीतही मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी उलटवली होती. तो निकाल पुढे २०१७ मध्ये चुकीचा ठरवण्यात आला.

पुन्हा याचिका करता येते?

त्याच न्यायालयात त्याच मुद्द्यांवर नाही. नवे मुद्दे असतील तर मात्र दार बंद होत नाही. उच्च न्यायालयाने नकार दिल्यानंतरही अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

मग ९० दिवस थांबावे का?

खरी मेख इथेच आहे. कोफेपोसाखालील स्थानबद्धता जास्तीत जास्त एक वर्षाची असते. अपिलासाठी तीन महिने घालवले, तर त्यातला पाव हिस्सा कोठडीतच संपतो. वर्ष उलटले की माणूस सुटतो, पण सुटकेची याचिकाही निरर्थक ठरते. त्यामुळे निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करणे आणि तातडीच्या सुनावणीची मागणी करणे महत्त्वाचे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० वर संपर्क साधता येतो.