आशाताईच्या सहा खेपा

दवाखान्यातून बाळंतीण घरी आली, की आशाताई वजनकाटा अन् तापमापी घेऊन येते. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा खेपा. घरी जाऊन तान्हे बाळ जपण्याची ही रीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या बायकांना शिकवून उभी केली, १९९९ साली जगापुढे मांडली. २०११ साली ती देशभर आशांकडे आली.

परीक्षा दिली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. पगार मात्र नाही, कामागणिक मोबदला. २०११ च्या नियमात या सहा खेपांचे २५० रुपये ठरले, तेही पंचेचाळिसाव्या दिवशी, आई-बाळ सुखरूप असतील तरच. मूल दगावले, तर केलेल्या खेपांचे काय? शिवाय जन्मनोंद अन् लस झालेली हवी. म्हणजे, गुरुजी, जन्मनोंदीला चालढकल केली घरच्यांनी, अन् पैसे अडले आशाताईचे!