शेवटचं तिकीट सापडत का नाही?

ज्यांना हा एपिसोड लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात एका ट्रंकेपासून करते. २६ जुलै २००५. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा तुम्ही ऐकलेला असेल. माझ्या आजोबांचं घर तेव्हा कुर्ल्याला, तळमजल्यावर. पलंगाखाली पत्र्याची एक ट्रंक होती आणि तिच्यात वानखेडे स्टेडियमवर तोवर झालेल्या सगळ्या २० कसोट्यांची तिकिटं. काही त्यांनी स्वतः पाहिलेल्या सामन्यांची, काही मित्रांकडून मागून आणलेली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत लगदा होता. वाचली फक्त एक वही, कारण ती फळीवर होती. वहीत सगळ्या कसोट्यांची यादी होती.

नोकरी लागल्यावर मी ठरवलं की हा संग्रह पुन्हा उभा करायचा. १९७५ ते २०१३, म्हणजे वानखेडेच्या पहिल्या कसोटीपासून सचिनच्या शेवटच्या कसोटीपर्यंत. एकूण २४ तिकिटं. पहिल्या दीड वर्षात १७ मिळाली. मला वाटलं, झालंच की! पुढची ५ मिळायला दोन वर्षं गेली. आणि उरलेल्या दोनसाठी तीन वर्षं. १९७५ आणि १९८०.

हे असं का होतं? माझं नशीब फुटकं म्हणून? नाही. याची तीन कारणं आहेत, आणि तुम्ही काहीही गोळा करत असाल तरी तीच लागू पडतात.

कारण पहिलं: गणित

समजा बबलगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं येतात. एकूण ५० वेगवेगळी, प्रत्येक पाकिटात एक, आणि सगळी सारख्याच संख्येने छापलेली. पूर्ण सेट व्हायला सरासरी किती पाकिटं लागतील?

उत्तर आहे साधारण २२५. पण गंमत पुढे आहे. पहिली २५ कार्डं, म्हणजे अर्धा सेट, फक्त ३४ पाकिटांत होतो. शेवटच्या ५ कार्डांना मात्र ११४ पाकिटं लागतात. आणि अगदी शेवटच्या एकट्या कार्डाला सरासरी ५०.

का? सुरुवातीला जे येईल ते नवीनच असतं. ४९ झाल्यावर मात्र ५० पैकी एकच कार्ड तुमच्या कामाचं उरतं, बाकी सगळी डुप्लिकेट. आमच्या कॉलेजात हे प्रोबॅबिलिटीच्या तासाला ‘कूपन कलेक्टर प्रॉब्लेम’ म्हणून शिकवलं होतं. तेव्हा मी मागच्या बाकावर स्कोअर बघत होते. असो.

यावरचा उपाय आपल्याला शाळेतच माहीत होता. मधल्या सुट्टीत अदलाबदल! तुझी दोन माझ्याकडे, माझी दोन तुझ्याकडे. एकट्याने पाकिटं फोडत बसलं की खर्च वाढतो, दहा जण एकत्र आले की तेच डुप्लिकेट कामाला येतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

कारण दुसरं: कधी कधी वस्तू मुद्दाम दुर्मीळ केलेली असते

इथे जरा अमेरिकेत जाऊ, कारण याचं सगळ्यात सुंदर उदाहरण तिथलं आहे. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीने च्युइंगगमसोबत बेसबॉलपटूंची कार्डं काढली. २४० कार्डांचा सेट. पोरं गम विकत घेतायत, चघळतायत, पण १०६ नंबरचं कार्ड कुणालाच मिळेना. मिळणार कसं? ते त्या वर्षी छापलंच नव्हतं! सेट पूर्ण होत नाही म्हटल्यावर लोक घेत राहतात, साधा हिशोब.

लोकांनी तक्रारीची पत्रं पाठवली. मग १९३४ मध्ये कंपनीने नॅप लाजोई या केव्हाच निवृत्त झालेल्या खेळाडूचं कार्ड १०६ नंबर घालून छापलं आणि ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांना टपालाने पाठवलं. आज बेसबॉल कार्डांच्या दुनियेत ते फार दुर्मीळ मानलं जातं. थोडक्यात, ज्यांनी तक्रार केली त्यांनाच ते मिळालं.

धडा काय? शोधायला लागण्याआधी ती वस्तू मुळात बनली होती का, किती बनली, कुणाला दिली गेली, हे तपासा.

कारण तिसरं: वस्तू मरतात

तिकीट हे जपून ठेवायला छापतच नाहीत. गेटवर फाडायचं, खिशात कोंबायचं, पँटबरोबर धुवायचं. त्यातून जे वाचतं ते वाळवी, पूर आणि दिवाळीची साफसफाई यांत जातं.

१९५२ च्या टॉप्स बेसबॉल कार्डांचं असंच झालं. न खपलेली खोकी गोदामात पडून होती. कंपनीच्या साय बर्गर यांनीच नंतर सांगितलं की १९६० च्या सुमारास त्यांनी ती बोटीने नेऊन समुद्रात टाकली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर्सला विकलं गेलं. लोकांनी कचरा समजून फेकलं म्हणूनच उरलेल्याला एवढी किंमत आली.

मग शोधायचं कसं?

मी जे चुकत-माकत शिकले ते सांगते.

एक, यादी पक्की करा. ‘जुनी तिकिटं हवीत’ असं म्हटलं की कुणी मदत करत नाही. ‘फेब्रुवारी १९८०, भारत-इंग्लंड, वानखेडे’ असं म्हटलं की समोरच्याला काहीतरी आठवतं.

दोन, जिथे क्रिकेट नाही तिथे शोधा. क्रिकेटच्या वस्तू विकणाऱ्याला किंमत माहीत असते. रद्दीवाल्याला, जुन्या पुस्तकवाल्याला नसते. चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि सगळ्यात मोठी खाण म्हणजे रिडेव्हलपमेंटला निघालेल्या इमारती. माळे रिकामे होतात तेव्हा चाळीस वर्षांचा कागद एकदम बाहेर येतो. ऑनलाइन शोधताना चुकीची स्पेलिंगं टाका. ज्याला वस्तूची किंमत माहीत नसते, त्याला बहुतेक वेळा स्पेलिंगही माहीत नसतं.

तीन, खरं-खोटं तपासा. साधं दहापट भिंग घ्या. जुनी खिळ्यांची छपाई कागदात दाबली गेलेली दिसते, घरच्या रंगीत प्रिंटरचे बारीक ठिपके दिसतात. यूव्ही टॉर्चही वापरतात, पण समजून वापरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. म्हणून १९३३ च्या बॉम्बे जिमखान्याच्या, म्हणजे भारतात झालेल्या पहिल्या कसोटीच्या तिकिटाचा कागद निळसर चमकला तर संशय घ्या. १९७५ च्या तिकिटाला मात्र ही परीक्षा उपयोगाची नाही. आणि नावं बघा. शहराचं अधिकृत इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदललं. १९८० च्या तिकिटावर इंग्रजीत ‘मुंबई’ असेल तर हात जोडा आणि निघा.

चार, मिळाल्यावर लॅमिनेशन करू नका. सेलोटेप तर नाहीच नाही. पीव्हीसी नसलेलं पाकीट, सिलिका जेल, आणि तळमजल्यावर ठेवायचं नाही. हा शेवटचा नियम आमच्या घरचा.

१९८० आणि १९७५

१९८० ची कसोटी म्हणजे बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची. इयान बोथमने शतक ठोकलं आणि १३ विकेट्सही घेतल्या. सामना १५ फेब्रुवारीला सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी विश्रांती, कारण १६ ला सूर्यग्रहण होतं! हे तिकीट मला दादरच्या एका मोकळ्या होणाऱ्या घरात, जुन्या दिवाळी अंकात खूण म्हणून घातलेलं मिळालं. रद्दीच्या भावात.

१९७५ चं प्रकरण वेगळं. ती वानखेडेची पहिली कसोटी. आणि हे स्टेडियम उभं का राहिलं माहितीये? तिकिटांवरूनच! ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या सामन्यांच्या जागांच्या वाटपावरून क्लब आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचं फाटलं आणि शेषराव वानखेडे यांनी असोसिएशनचं स्वतःचं स्टेडियम उभारलं. म्हणून संग्रहात या तिकिटाचा मान पहिला.

मागच्या वर्षी एकाने ऑनलाइन ते विकायला काढलं. अठरा हजार. फोटो बघून माझे हात थरथरत होते. आजोबा ८५ वर्षांचे, एका डोळ्याने दिसायचं जवळजवळ बंद झालेलं. मी विचार न करता चार हजार ॲडव्हान्स पाठवला. रात्री फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. ‘चौथा दिवस, २६ जानेवारी.’ स्कोअरकार्ड उघडलं. तो सामना सहा दिवसांचा होता: २३, २४, २५, मग एक दिवस विश्रांती, मग २७, २८, २९. बनवणाऱ्याने सरळ २३ पासून मोजत नेलं होतं. मागची बाजू दाखवा म्हटलं तर उत्तर बंद. चार हजार गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारी मी, आणि एक तारीख तपासली नाही! घाई झाली की डोळे हवं तेच बघतात.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. आजोबांना विचारलं, “तुम्ही मॅचला कुणासोबत गेला होतात?”

“अगं, शेजारचे भाऊ होते ना. ते आता नाहीत. वहिनी डोंबिवलीला असतात.”

सहा वर्षं मी अनोळखी लोकांना मेसेज करत होते. हा प्रश्न घरात कधीच विचारला नव्हता.

त्या आजींनी देवाच्या कपाटातून एक पाकीट काढलं. आत तिकीट, दोन घड्या पडलेलं, कडेला चहाचा डाग. मी किंमत विचारली आणि विचारताक्षणी मलाच लाज वाटली. त्या म्हणाल्या, “विकायचं नाही गं. ह्यांचं आहे. पण तुझ्या आजोबांना भेटायला मी येते, तेव्हा आणते.”

त्या खरंच आल्या. आजोबांनी तिकीट चांगल्या डोळ्याजवळ धरलं आणि दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायला लागले. क्लाइव्ह लॉइडच्या दोनशे धावा झाल्यावर एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि स्टेडियम कसं पेटून उठलं. “भाऊ म्हणाले, चला, निघू. मी म्हटलं, लॉइड अजून नाबाद आहे!” लॉइड शेवटपर्यंत नाबादच राहिला, २४२ वर. दोघं म्हातारे तासभर त्या एका दिवसावर बोलत होते. निघताना आजींनी तिकीट पाकिटात घातलं आणि परत नेलं.

माझ्या अल्बममधल्या पहिल्या रकान्यात आज त्याचा स्कॅन आहे. खाली लिहिलंय: ‘प्रत. मूळ तिकीट शेजाऱ्यांकडे.’ २४ पैकी २३ माझ्याकडे आहेत. एक कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि ते खरं आहे हेही. आजोबांनी त्यांच्या वहीत मात्र चोविसाव्या नोंदीसमोरही बरोबरची खूण केली. मी काही बोलले नाही.

म्हणून मधल्या सुट्टीचा मुद्दा. शेवटच्या वस्तूसाठी एकट्याने पाकिटं फोडत बसू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांचे शेजारी, त्यांचे डब्याचे सोबती कोण होते. आणि हे लवकर विचारा. तिकिटं चहाचे डाग घेऊन पन्नास वर्षं टिकतात. ज्यांना त्यांची गोष्ट माहीत आहे ती माणसं आपल्यासाठी थांबतीलच असं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर माळा आवरताना कागद बघून फेका!