धाप लागते, ती फक्त वयामुळे नव्हे

आमच्या सारसोळ्यात सजद्यातून उठताना धाप लागणारे बुजुर्ग कमी नाहीत. ‘वय झाले’ म्हणून घरचे गप्प बसतात. पण वर्षानुवर्षे बिडी ओढली असेल किंवा चुलीचा धूर सोसला असेल, तर तो एम्फिसीमा असू शकतो. यात फुफ्फुसातील वायुकोश फाटतात, हवा आत कोंडते आणि चांगल्या भागाला फुलायला जागा उरत नाही.

औषधे, इन्हेलर आणि श्वासाचे व्यायाम करूनही भागत नसेल, तर काही निवडक रुग्णांना छाती न उघडता उपचार मिळू शकतो. दुर्बिणीने श्वासनलिकेत एकेरी झडपा बसवतात. कोंडलेली हवा बाहेर पडते, नवी आत जात नाही आणि खराब भाग आकसतो. अमेरिकेत अशा झडपेला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

सीटी स्कॅन व इतर तपासण्यांनंतरच डॉक्टर ठरवतात. पहिल्या दिवसांत फुफ्फुसातून हवा गळून छातीत साठण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णालयात राहावे लागते. फाटलेले वायुकोश मात्र जुळत नाहीत. बिडी आधी सोडावीच लागते. त्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

इलाज करणे ही सुन्नत आहे. अब्बांना छातीच्या डॉक्टरांकडे नेऊ या. तोवर त्रास असेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहेच.