दम ऐकू आला पाहिजे

सकाळी 6.30. पत्रकारिता विभागाच्या स्टोअरसमोर सामान मोजून घेणं चाललेलं असतं. कॅमेरे, ट्रायपॉड, स्विचर, बॅटऱ्या, मेमरी कार्डं आणि सगळ्यांत शेवटी माइक. हा क्रम मला खटकतो. पुण्यातला आंतरमहाविद्यालयीन महिला कबड्डीचा सामना यूट्यूबवर थेट दाखवायचा म्हटलं की पहिल्या वर्षाची मुलं कॅमेऱ्याकडे धावतात. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर तेच झगमगीत प्रक्षेपण असतं. म्हणून कामं वाटताना मी आधी ध्वनीची माणसं ठरवते.

7.30. मैदानावर केबल पसरायच्या. माइकची केबल विजेच्या केबलला समांतर न्यायची नाही, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडायची. नाहीतर 50 हर्ट्‌झची घरघर दिवसभर कानात बसते. तिन्ही कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला लागतात. एक जरी पलीकडे गेला, तरी डावीकडचा संघ पडद्यावर उजवीकडे दिसू लागतो आणि कोण कोणावर चढाई करतंय ते प्रेक्षकाला समजत नाही.

8.30. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स, 25 फ्रेम, शटर 1/50. हे पटकन उरकतं.

10.00. सामना. महिलांचं मैदान 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद. उंचावरचा पहिला कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ समोर असतो आणि पूर्ण मैदान सोडत नाही. दुसरा चढाईपटूच्या कमरेपासून वर. तिसरा खाली, हातात, बोनस रेषेच्या समोर. नवशिका कॅमेरामन चढाई करणारीच्या मागे धावतो. त्याला शिकवावं लागतं की पकडीच्या वेळी कोपऱ्यातल्या खेळाडूचे पाय आधी हलतात, नजर तिथे ठेव. चौकटीत जिकडे चढाईपटू निघालीय तिकडे जागा मोकळी सोड.

पण माझा जीव अडकलेला असतो तो हेडफोन लावून मिक्सरवर बसलेल्या मुलीत. कबड्डीत आवाज हा नियमाचाच भाग आहे. चढाईला 30 सेकंद मिळतात आणि तेवढा वेळ ‘कबड्डी, कबड्डी’ अखंड, स्पष्ट म्हणावं लागतं. हा दम तुटला तर पंच चढाईपटूला परत पाठवतात आणि समोरच्या संघाला गुण जातो. ज्या प्रक्षेपणात दम ऐकू येत नाही, त्यात हा निर्णय प्रेक्षकाला कळणारच कसा?

आम्ही दोन शॉटगन माइक लावतो, प्रत्येक अर्ध्याच्या बाजूला एक, राखीव पट्ट्याबाहेर, खाली, तोंड आत वळवलेलं. चढाई डावीकडे गेली की डावा फेडर वर, उजवा खाली. समालोचक −12 डेसिबलच्या आसपास बोलतो. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. “मॅडम, समालोचन खाली घेऊ?” ती टॉकबॅकवर विचारते. “घे. शेवटची दहा सेकंदं चढाईपटूचीच आहेत.” निदान रेषा ओलांडताना वाढलेला तो श्वास, मॅटवर घसरलेल्या बुटांची चरचर, मग पकड, आणि प्रेक्षकांचा कल्ला. त्या दहा सेकंदांत ती मुलगी मीटरकडे बघत नाही, कान देऊन ऐकते. प्रक्षेपण शिकणं माझ्या मते तिथे सुरू होतं.

1.00. वडापाव, बॅटऱ्या चार्जिंगला.

2.00. आता बातमी. जिंकलेल्या संघाच्या कर्णधाराचा बाइट घ्यायचा, तर आधी तिला श्वास घेऊ द्यायचा आणि पाणी पिऊ द्यायचं. हातातला माइक तिच्या हनुवटीपासून वीतभर. प्रश्न विचारून गप्प राहायचं, मध्ये ‘हं, हं’ नाही, कारण ते संपादनात काढता येत नाही. मग त्याच जागेचा 30 सेकंद नुसता भवताल रेकॉर्ड करायचा. त्याच्याशिवाय दोन बाइट जोडले की मध्ये खड्डा ऐकू येतो.

5.00. विभागाचं बातमीपत्र. दीड मिनिटाच्या वृत्तांताची सुरुवात निवेदनाने करायची नाही, चढाईच्या आवाजाने करायची, असं मुलांनीच ठरवलं. तीन सेकंद फक्त दम, मग निवेदिका. मी एक शब्दही बदलला नाही.

6.30. केबल गुंडाळणं. एक वेढा सरळ, एक उलटा, पीळ न पडू देता. हे सगळ्यांनी करायचं, दिग्दर्शकानेसुद्धा.

आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. तुमच्या मैदानावर चढाई चालू असतानाही कर्ण्यांवर गाणी वाजत असतात. दोन सामन्यांच्या मध्ये हवी तेवढी वाजवा. चढाईच्या त्या 30 सेकंदांत मात्र ती बंद ठेवा. पंचांना दम ऐकायचा असतो आणि आमच्या मुलांना तो घराघरांत पोचवायचा असतो.