माहेरचे नाव राखणाऱ्या विवाहितेस कसे संबोधावे?

पालकसभेची निमंत्रणे लिहिताना पुष्कळ शिक्षकांपुढे एक अडचण उभी राहते. विद्यार्थ्याचे आडनाव जोशी. परंतु आईने प्रवेश-अर्जावर सही केलेली असते ती कुलकर्णी या आडनावाने. अशा वेळी लखोट्यावर 'सौ. जोशी' असे लिहून मोकळे होण्याकडे कल असतो. तो योग्य का नव्हे, हे येथे थोडक्यात स्पष्ट करावयाचे आहे.

विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलणे हा रूढीचा भाग आहे. कायद्याची तशी सक्ती नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाळूताई खरे १९३८ मधील विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या. याउलट, चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे यांनी अरुण जोगळेकर यांच्याशी विवाह झाल्यावरही परांजपे हेच नाव चालविले. दोन्ही मार्ग सारखेच सन्मान्य होत. निवड त्या स्त्रीची आहे. आपण ती पाळावयाची.

व्यवहारात पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पत्रावर 'श्रीमती' लिहून पुढे तिचे स्वतःचे पूर्ण नाव लिहावे. मधले नाव वडिलांचे असल्यास तेच ठेवावे. त्या जागी पतीचे नाव घालून माहेरचे आडनाव जोडल्यास कोणत्याच कागदपत्रात नसलेली एक निराळीच व्यक्ती निर्माण होते!

२. 'सौ.' हे उपपद पती हयात असल्याचे निदर्शक आहे. 'श्रीमती' मात्र कोणत्याही स्त्रीस लावता येते. तथापि पूर्वी घरगुती व्यवहारात 'श्रीमती' विशेषेकरून विधवेस लावीत, म्हणून काही भगिनींना ते रुचत नाही. शंका असल्यास त्यांनाच विचारावे. 'सौ.' हवे असल्यास तेही त्यांच्या स्वतःच्या नावामागेच लावावे.

३. पतिपत्नींस एकत्र निमंत्रण धाडताना दोघांची पूर्ण नावे स्वतंत्रपणे लिहावीत.

४. प्रत्यक्ष बोलताना आपली भाषा फार सोयीची आहे. नावापुढे 'ताई' अथवा 'बाई' जोडले की आदरही राहतो आणि आडनावाचा प्रश्नही उरत नाही.

५. सहशिक्षिकेचा विवाह झाला म्हणून हजेरीपत्रकातील वा सेवापुस्तकातील तिचे नाव आपण होऊन बदलू नये. तिने रीतसर अर्ज केल्यासच तो फेरफार विचारात घ्यावा. वेतनपत्रक, बँकखाते व सेवापुस्तक यांत नावे भिन्न पडली, तर निस्तरण्याचा त्रास तिलाच होतो.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठेवावयाचा आहे. आईचे नाव अचूक लिहिण्याची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढली आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर्गातील आहे. "तुझ्या आईचे आडनाव निराळे कसे?" हा प्रश्न चारचौघांत विचारला की मूल खाली मान घालते. त्याच्या घरात काही उणे आहे, असा समज इतर मुलेही करून घेतात. शिक्षकाने ते नाव सहजपणे व स्पष्टपणे उच्चारले, तर मुलेही तसेच उच्चारतील. दुसऱ्याचे नाव त्याला हवे तसे घेणे, हा सभ्यतेचा पहिला पाठ होय. आणि तो पुस्तकावाचून शिकविता येतो.